पाठीवरचं मूल

७ मे २०२५ च्या संध्याकाळी साडेसातला भोंगा वाजला आणि आमच्या गल्लीतले दिवे एकामागून एक मालवले गेले. दुपारपासून सूचना येत होत्या. देशभर नागरी संरक्षणाची तालीम होती आणि त्या यादीत इंदूरचं नाव होतं. तालीम आधीच ठरली होती, पण त्याच दिवशी पहाटेच्या आत खरी क्षेपणास्त्रं सीमेपलीकडे पडली होती, त्यामुळे अंधार नुसता तालमीचा वाटत नव्हता. गच्च्यांवर पोरं शिट्ट्या मारत होती. खाली कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, त्याला चार जणांनी ओरडून तो बंद करायला लावला.

आक्का हॉलमध्ये तिच्या वेताच्या खुर्चीत बसली होती. आक्का म्हणजे माझी आत्या, वय शहात्तर. मी तिला सांगून ठेवलं होतं की दहा-बारा मिनिटं दिवे नसतील, घाबरू नकोस. ती घाबरली नव्हतीच. अंधारात थोडा वेळ गेला आणि तिनं विचारलं, "दारावर कोण आलं गं?"

"कुणी नाही, आक्का."

"बघ एकदा. दादा असेल."

दादा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. मी उठले, दार उघडलं, बंद केलं आणि म्हटलं, "कुणी नाही." ती "बरं" म्हणाली. पुढे दिवे येईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. ती कुठल्या रात्रीत बसली आहे ते मला ठाऊक होतं, कारण त्या रात्री मी आठ वर्षांची होते आणि त्याच घरात होते.

डिसेंबर १९७१. रामबागेतला आमचा जुना वाडा. खिडक्यांच्या काचांना काळे कागद खळीनं चिकटवलेले. आक्का बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. आत्तोबा सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेत होते. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत शिकले, तिथंच पहिली नेमणूक, तिथंच संसार मांडलेला. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दोघं बसनं इंदूरला येत आणि माझ्यासाठी महूच्या बेकरीतली नानखटाई आणत. नोव्हेंबरात त्यांची तुकडी पश्चिम सीमेवर गेली. तिथून एक अंतर्देशीय आलं होतं. त्यात मुलगा झाला तर काय नाव ठेवायचं आणि मुलगी झाली तर काय, ते दोन्ही लिहिलं होतं.

तार आली ती ब्लॅकआउटच्या वेळी. बाबा दाराशी गेले, कोनाड्यातल्या झाकलेल्या कंदिलापाशी त्यांनी ती वाचली. इंग्रजीतली तार घरात फक्त त्यांनाच वाचता येत होती. आक्कानं स्वयंपाकघरातून विचारलं, "दारावर कोण आलं?" बाबा म्हणाले, "कुणी नाही. शेजारचे. दिवा दिसतोय म्हणून सांगायला आले होते." ती तार त्यांनी खिशात ठेवली आणि आमच्या पंगतीला येऊन बसले. अंधार होता म्हणून आक्काला त्यांचा चेहरा दिसला नाही. मला दिसला, कारण मी त्यांच्या मांडीला लागून बसले होते आणि वर बघत होते. ते जेवले. पूर्ण जेवले. आज मला कळतं की बहिणीला एक रात्र झोप मिळावी म्हणून तो माणूस भात गिळत होता.

सकाळी सांगितलं. चौदा-पंधरा दिवसांनी मुलगा झाला. अंतर्देशीयातलं नाव ठेवलं. त्या काळी सीमेवर पडलेल्यांचे देह बहुधा घरी येत नसत, अंत्यसंस्कार तिकडेच होत. आमच्याकडे एक काळी ट्रंक आली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत गणवेश, दाढीचं सामान, आक्काची पत्रं आणि एक अर्धा विणलेला लोकरीचा टोपडा. तो त्यांनी कुणाकडून विणायला शिकून घेतला असेल, हे कोडं आक्काला अजून सुटलेलं नाही.

त्या युद्धात आपले साडेतीन हजारांवर सैनिक गेले. त्याचं कारण खोटं नव्हतं, हे मला इथंच सांगून टाकायचं आहे. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं जीव मुठीत धरून आपल्याकडे आली होती, तिथं कत्तल चालली होती. ते युद्ध नको होतं असं आक्काही कधी म्हणाली नाही. २०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला जे २६ जण मारले गेले त्यांत आपल्या इंदुरातलेही एक होते. ते घर या शहरात आहे. तेव्हा "मग काय गप्प बसायचं होतं का?" असं मला कुणी विचारलं तर मी त्या माणसावर चिडत नाही. प्रश्न रास्त आहे. पण युद्धाचा निर्णय ज्याच्या सहीनं होतो तो सही करून मोकळा होतो, आणि ज्यांच्या घरातून माणूस गेला त्यांना पुढं पन्नास वर्षं सह्या करत बसावं लागतं, हे मी आमच्या घरात रोज पाहिलं आहे. मी जे लिहितेय ते त्याबद्दल आहे.

मी इतिहास शिकवायचे. शाळेच्या नोकरीची दहाएक वर्षं झाली होती, तेव्हा सहावीतल्या एका मुलीनं तास संपता संपता हात वर केला. पुस्तकात झाशीच्या राणीचं चित्र होतं, नेहमीचं: घोडा, तलवार, पाठीला बांधलेलं मूल. ती म्हणाली, "मॅडम, राणी तर मेली. मग पाठीवरच्या मुलाचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी इंदुरात जन्मले, इंदुरात वाढले, इतिहासात एम. ए. केलं आणि मला माहीत नव्हतं की तो मुलगा इंदुरात राहिला आणि इंदुरातच वारला.

त्याचं मूळ नाव आनंदराव. नेवाळकरांच्या भाऊबंदकीतला. राणीचं स्वतःचं मूल काही महिन्यांचं होऊन गेलं होतं. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव अखेरच्या आजारात असताना या पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं आणि त्याचं नाव बदलून दामोदरराव ठेवलं. गेलेल्या बाळाचं तेच नाव होतं. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. म्हणजे एका दिवसात त्या पोरानं आई बदलली, नाव बदललं, ते नावही मेलेल्या मुलाचं, आणि दत्तक बापाला अग्नी द्यायची वेळ आली.

कलकत्त्यात गव्हर्नर-जनरल डलहौसीनं ठरवलं की हे दत्तक मान्य नाही, आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. मुलाच्या नावानं काही लाखांची रक्कम सरकारी खजिन्यात ठेवली गेली, सज्ञान झाल्यावर द्यायची म्हणून. त्याची मुंज करायची वेळ आली तेव्हा राणीनं त्यातले एक लाख रुपये मागितले. सरकारनं जामीन मागितले. मुलगा मोठा झाल्यावर त्यानं ही रक्कम परत मागितली तर कोण भरून देईल, असा सरकारचा सवाल होता. मुंजीसाठी जामीन! हे वाचलं तेव्हा मी वाचनालयात होते आणि मला आमच्या आक्काची कागदांची पिशवी आठवली. तिच्याबद्दल पुढं सांगते.

डलहौसी मार्च १८५६ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. मे १८५७ मध्ये मेरठ पेटलं. ज्या माणसाच्या निर्णयांनी दारू ठासली गेली, तो आग लागली तेव्हा इथं नव्हता. उत्तर द्यायला त्याच्या जागी आलेला कॅनिंग होता, लढायला सेनापती ह्यू रोज होता, मरायला झाशी होती. मी मुलांना हे शिकवताना फळ्यावर ती दोन सालं एकाखाली एक लिहायचे आणि काही न बोलता थोडा वेळ थांबायचे.

आणि ह्यू रोजची फौज कुठून निघाली? आपल्या इथून. डिसेंबर १८५७ मध्ये त्यानं इंदुरात सूत्रं हाती घेतली. त्याची एक ब्रिगेड महूला जमली, दुसरी सिहोरला. महूची छावणीच मुळी एका लढाईतून जन्मलेली. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज हरली, तेव्हा गादीवरचे मल्हारराव अकरा-बारा वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला, इंग्रजांचं लष्कर इथं कायमचं राहायला आलं आणि छावणी बसली. एका पोरवयाच्या राजाच्या पराभवातून जी छावणी उभी राहिली, तिथून चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका पोराचं घर जाळायला फौज निघाली.

ते जळणं पाहिलेला एक मराठी माणूस होता. वरसईचे विष्णुभट गोडसे, कोकणातले गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होतं, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकून ते उत्तरेकडे निघाले होते. महूच्या जवळपास त्यांना शिपाई भेटले, त्यांनी सांगितलं की पुढं जाऊ नका, गदर होणार आहे. तरी ते गेले, आणि वेढा पडला तेव्हा झाशीत अडकले. त्यांनी लिहिलेलं ‘माझा प्रवास’ मी जितक्या वेळा वाचलं तितक्या वेळा मला लढाईपेक्षा त्यातलं पाणी लक्षात राहिलं. पाण्यासाठी तडफडणारी माणसं, लपून बसलेली माणसं, गल्ल्यांतली प्रेतं, हलवाईपुऱ्याची आग. त्यांना ना झाशीचं राज्य मिळायचं होतं ना कंपनीचं. ते कर्ज फेडायला निघाले होते. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन ते घरी परतले.

राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढाईत गेली. मूल तेव्हा आठ-नऊ वर्षांचं. पुतळ्यात ते कायम तान्हंच राहतं, हे मला फार लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, सगळं आठवतं. मूठभर विश्वासू माणसं त्याला घेऊन जवळजवळ दोन वर्षं जंगलातून भटकली. आसरा देणाऱ्याला इंग्रजांची भीती, त्यामुळे गावं दारं लावून घेत. आईचे सोन्याचे तोडे शेवटी विकावे लागले, असं सांगतात. मे १८६० मध्ये त्याला इंदुरात इंग्रज अधिकाऱ्यापुढे हजर केलं गेलं. ज्या शहरात ह्यू रोजनं सूत्रं घेतली तिथंच. मोजकी माणसं जवळ ठेवायची परवानगी, डोक्यावर देखरेख, ठरावीक तनखा. खजिन्यात त्याच्या नावानं ठेवलेली रक्कम त्याला मिळाली नाही. त्यानं अर्ज केले, ते नाकारले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डलहौसी स्कॉटलंडात वारला.

दामोदरराव मात्र पुढं शेहेचाळीस वर्षं जगले. लग्न केलं, पहिली बायको गेली, पुन्हा लग्न केलं, उतारवयात मुलगा झाला. २८ मे १९०६ ला इंदुरात वारले. विष्णुभटांची हकिकत त्यानंतर वर्षभरानं, १९०७ मध्ये छापून आली.

ती प्रश्न विचारणारी मुलगी तोवर आठवीत गेली होती. मी तिला वर्गातून बाहेर बोलावून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तो इथल्याच रस्त्यांवरून फिरायचा?" मी म्हटलं, हो. तिनं खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं.

आमच्या घरातल्या पाठीवरच्या मुलाबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण त्यानंच परवा फोनवर सांगितलं, "लिही. नाव घालू नकोस."

माझा आतेभाऊ. दर पंधरा ऑगस्टला त्याला स्टेजवर बोलावत. मी थोरली बहीण म्हणून त्याचं बोट धरून घेऊन जायची. झेंड्याजवळ उभं करायचे, कुणी पुढारी त्याच्या गळ्यात हार घालायचा, टाळ्या. हार त्याच्या गुडघ्यांपर्यंत यायचा. सहा-सात वर्षांचा असताना एकदा तो पहाटे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे लपून बसला. सगळीकडे शोधाशोध झाली, आणि मीच त्याला शोधून काढलं, कपडे घातले आणि नेलं. शाबासकीही घेतली. "मला बाबा आठवत नाहीत, आणि सगळे मला म्हणतात की बाबांची आठवण ठेव," असं तो वाटेत म्हणाला होता. मी त्याला गप्प केलं होतं. माझ्या आयुष्यातल्या ज्या थोड्या गोष्टी मला परत जाऊन बदलायच्या आहेत, त्यांत ती सकाळ आहे.

पहिल्या वर्षी जो पुढारी वाड्यात आला त्यानं आक्काला नोकरीचं आश्वासन दिलं. बरोबर फोटोवाला होता. आक्का बावीस वर्षांची, मांडीवर पोर. फोटो छापून आला. नोकरीचं पुढं काही झालं नाही. बाबांनी पत्रं पाठवली, त्यांच्या प्रती अजून पिशवीत आहेत. शेवटी आक्कानं शिवणकाम आणि बालवाडी करून पोराला वाढवलं. पेन्शन होती, तिच्यासाठी कागद होते: मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, मुलाच्या जन्माचा, ती तीच आहे याचा. एका कार्यालयात नावातल्या एका वेलांटीवरून आठ महिने गेले. आणि दरवर्षी नोव्हेंबरात दोन गोष्टी लिहून द्यायच्या, की मी जिवंत आहे आणि मी पुन्हा लग्न केलेलं नाही. तेविसाव्या वर्षापासून तिनं दरवर्षी हे लिहून दिलं आहे. त्या दुसऱ्या ओळीखाली सही करताना ती कुणाला शेजारी उभं राहू देत नसे.

तरी तिला निदान तार आली. त्याच युद्धातले आपले ५४ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले आणि आजही बेपत्ताच आहेत. आपण ९३ हजार युद्धकैदी परत केले, सिमल्यात जुलै १९७२ मध्ये करार झाला, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. त्या ५४ घरांतल्या बायकांना कुंकू लावायचं की पुसायचं हे कोणत्याही करारानं सांगितलं नाही. पाकिस्तान म्हणत आलं, आमच्याकडे कुणी नाही. २००७ मध्ये काही नातेवाईक तिकडचे तुरुंग पाहून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. त्यानंतर दोन्ही देशांत किती सरकारं आली-गेली! मला खरंच कळत नाही की इतकी माणसं इतक्या उच्च आसनांवर बसतात, एकमेकांच्या शपथविधींना जातात, हात मिळवतात, आणि ५४ नावांची एक यादी त्यांच्या टेबलावर अर्धा तास ठरत नाही.

आणि २०२५ चा मे महिना. चार दिवसांत थांबलं, बरं झालं थांबलं. पण त्या चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी डझनावर नागरिक गेले, त्यांत शाळकरी मुलं होती. टीव्हीवर मात्र स्टुडिओत भोंगे वाजत होते आणि एका रात्रीत कराचीचं बंदर नष्ट झाल्याच्या बातम्या चालल्या, ज्या सकाळी खोट्या निघाल्या. आक्का टीव्हीसमोर बसून विचारत होती, "आपली किती पोरं गेली ते सांगतात का?" ते कुणी सांगत नव्हतं.

शस्त्रसंधीला दोन दिवस झाले नाहीत तोच महूजवळच्या एका गावात, आपल्या राज्याच्या एका मंत्र्यानं, युद्धाची माहिती देशाला देणाऱ्या महिला कर्नलबद्दल भर सभेत असे शब्द काढले की उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला सांगितलं. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. ती अधिकारी सिग्नल्सची. आक्काला हे कळलं तेव्हा ती दोन वेळा जेवली नाही. "आपल्या सिग्नल्सची पोर आहे ती," एवढंच म्हणत राहिली. महूच्या इतक्या जवळ, जिथं बाजारातल्या दर तिसऱ्या माणसाच्या घरातलं कुणीतरी फौजेत आहे, तिथं उभं राहून हे बोलायची छाती होते, आणि पुढं चौकाचौकात तिरंगा यात्रेची होर्डिंगं लागतात. त्या होर्डिंगांवर मी नीट पाहिलं. पुढाऱ्यांचे चेहरे पुरुषभर उंचीचे, आणि सैनिक खाली कोपऱ्यात, छायेसारखे, चेहरा नसलेले.

मला राग येतो. वयानं तो कमी व्हायला हवा होता, झाला नाही. युक्रेनमध्ये, गाझामध्ये, सुदानमध्ये, सगळीकडे हेच चाललेलं बघून तो पातळ होत नाही, दाट होतो. कुठल्याही देशाचा नेता शोकसभेत बोलायला लागला की मी आवाज बंद करते आणि मागच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे बघते. त्यांच्यातली प्रत्येक जण या वेळी कुठल्यातरी कागदावर सही करून आलेली असते.

परवा नोव्हेंबर आला. आक्काच्या बोटांवरच्या रेषा आता इतक्या पुसल्या आहेत की अंगठ्याचं यंत्र तिला ओळखत नाही. दोन वर्षं आम्ही बँकेत रांगेत उभ्या राहून परत आलो. या वेळी भाच्यानं माझ्या फोनवर चेहरा ओळखणारं ॲप टाकून दिलं. सकाळी तिला खिडकीपाशी बसवलं, उजेड नीट पडावा म्हणून. पेन्शनचा क्रमांक तिनं पाठ म्हटला, नेहमीसारखा एका दमात. मी रकाने भरत गेले. मग तो एक आला.

"आता काय विचारतंय?" आक्कानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि ‘नाही’वर बोट ठेवलं.

मग चेहरा. फोननं सांगितलं की डोळे मिटून उघडा. मी तिला सांगितलं. तिनं चष्मा काढून पदरात धरला, मान सरळ केली आणि डोळे मिटले. ते मिटलेलेच राहिले. गोल फिरत होता. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"आक्का, आता उघड ना."

"उघडते गं. थांब जरा."